शेजारी कोणाला म्हणावे?

शेजारी म्हणजे कोण, हे सांगायला आपल्यापैकी कोणालाही कोश उघडावा लागत नाही. ज्याचा बांध आपल्या बांधाला लागतो तो शेताचा शेजारी. ज्याची भिंत आपल्या भिंतीला लागते तो घराचा शेजारी. मराठीत तर 'शेजारधर्म' असा खास शब्दच आहे. शेजारी आजारी पडला तर त्याच्या गुरांना वैरण टाकावी, त्याच्या घरी कार्य निघाले तर पाणी भरू लागावे, मयत झाले तर त्या दिवशी त्यांच्या घरी पिठलं-भाकरी पोचती करावी, हा शेजारधर्म. तो पाळणारी माणसे गावोगाव आहेत, आणि त्यांच्या जिवावरच गाव चालते.

परंतु बांध जशी शेताची हद्द दाखवतो, तशी या धर्मालाही आपण नकळत एक हद्द घालून ठेवलेली असते. बांधापलीकडचा, वाडीपलीकडचा, जातीपलीकडचा, परक्या मुलखातून पोटासाठी आलेला, हा आपला शेजारी की नाही? इथे आपण जरा थबकतो. आजच्या भाषणात मला नेमका हाच प्रश्न घ्यायचा आहे. येशू ख्रिस्ताला हाच प्रश्न एका विद्वानाने विचारला होता. त्याने दिलेले उत्तर जुन्या पोथीत पडून राहिलेले नाही. ते आज आपल्या देशाच्या कायद्यातसुद्धा येऊन बसले आहे. ते कसे, हे पुढे सांगतो.

ही गोष्ट ख्रिस्ती लोकांची, आपल्याला तिचे काय, असे कोणी म्हणू नये. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात राहून मराठी ओवीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. म्हणजे येशूचे चरित्र मराठी बोलीतून सांगितले जाऊ लागले त्याला चारशे वर्षे उलटून गेली. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा आपल्या मनावर केवढा परिणाम झाला, हे महात्मा गांधींनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. आणि गांधीजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. तेव्हा ज्याने त्याने आपापल्या देवघरात बसून ही गोष्ट ऐकायला हरकत नाही.

गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायात आहे. एक शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मनियमांचा जाणकार, येशूकडे आला. देवावर सर्वस्वाने प्रेम करावे आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखेच प्रेम करावे, हा नियम त्याला तोंडपाठ होता. पण नियम पाठ असणे वेगळे आणि तो अंगाला लावून घेणे वेगळे. म्हणून त्याने पुढचा प्रश्न टाकला: हे सगळे खरे, पण आपण शेजारी मानायचे तरी कोणाला? पाहा, प्रश्न वरवर साधा आहे. त्याच्या पोटात मात्र निराळीच गोष्ट आहे. त्याला बांध घालून हवा होता. माझे कर्तव्य इथपर्यंत, त्याच्या पुढे नाही, अशी खूण रोवून मिळाली की माणूस निश्चिंत होतो.

येशूने बांध घालून दिला नाही. त्याने एक गोष्ट सांगितली.

एक माणूस यरुशलेमहून यरीहोला चालला होता. हा रस्ता सुमारे २७ किलोमीटरचा, आणि एवढ्या अंतरात तो हजार मीटरहून अधिक खाली उतरतो. यरुशलेम डोंगरावर, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरणारा रस्ता डोळ्यांपुढे आणा, मात्र झाडी काढून टाका आणि सगळे उघडे, रखरखीत करा, म्हणजे त्या वाटेची कल्पना येईल. वळणावळणाला दबा धरून बसायला जागा. त्या वाटेवर या माणसाला लुटारूंनी गाठले, कपडेसुद्धा काढून घेतले, मारहाण केली आणि अर्धमेला करून टाकून दिले.

मग त्याच वाटेने एक याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित आला. त्याने पाहिले आणि तो बाजूने निघून गेला. पाठोपाठ एक लेवी, मंदिराच्या सेवेतला माणूस आला. त्यानेही पाहिले, आणि तोही बाजूने निघून गेला. का गेले, ते गोष्टीत सांगितलेले नाही. प्रेताला शिवले तर विटाळ होईल, ही भीती असू शकेल. लुटारू अजून जवळपास असतील, ही भीती असू शकेल. कदाचित नुसती घाई असेल. कारण सांगितलेले नाही हेच बरे झाले. प्रत्येकाला आपापले कारण त्या जागी घालून पाहता येते.

तिसरा आला तो शोमरोनी. आता इथे थोडा खुलासा हवा, नाहीतर गोष्टीतला सगळा कस निघून जातो. शोमरोनी हे यहुद्यांचे जवळचेच लोक. मोशेचे ग्रंथ दोघांनाही मान्य. पण देवाची उपासना कोणत्या डोंगरावर करायची, यावरून दोघांत पिढ्यान् पिढ्यांचे वैर. शोमरोन्यांचे गरिज्जीम डोंगरावरचे मंदिर येशूच्या जन्मापूर्वी शंभराहून अधिक वर्षे आधी यहुदी राजसत्तेने पाडले होते. एकमेकांचे पाणी चालत नव्हते म्हणा ना! हे शोमरोनी आजही आहेत; नाब्लूस गावाजवळच्या त्याच डोंगरावर आणि इस्रायलमधील होलोन येथे त्यांची हजाराच्या आतबाहेर वस्ती आहे. येशूच्या श्रोत्यांना हे नाव ऐकताच तोंड वाकडे करावेसे वाटले असेल.

आणि थांबला तो हा माणूस. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या. द्राक्षारसाने जखम धुतली जाई, तेलाने आग शमे. त्या काळचे ते औषधच. मग त्याला आपल्या जनावरावर बसवून एका धर्मशाळेत नेले आणि रात्रभर त्याची शुश्रूषा केली. दुसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवले. एक दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. याला सांभाळा, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा चुकता करीन, असे सांगून तो आपल्या कामाला निघून गेला.

गोष्ट संपवून येशूने शास्त्र्यालाच उलट विचारले, की या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याला 'शोमरोनी' हा शब्दसुद्धा उच्चारवेना. ज्याने दया केली तो, एवढेच तो म्हणाला. तूही जाऊन तसेच वागायला लाग, असे येशूने त्याला सांगितले.

शिक्षक मित्रांनो, इथे प्रश्न कसा फिरवला आहे तो पाहण्यासारखा आहे. शास्त्री विचारत होता, शेजारी कोण आहे? येशूने विचारले, शेजारी कोण झाला? पहिल्या प्रश्नात आपण जागेवर बसून इतरांची यादी करतो: हा आत, तो बाहेर. दुसऱ्या प्रश्नात यादी करायला जागाच उरत नाही. शेजारी हे नाते जन्माने किंवा जमिनीने मिळत नाही, ते उठून करावे लागते, हा या गोष्टीचा गाभा आहे.

आता ही शिकवण आजच्या दिवसाला कशी लावायची, ते पाहू. फार लांब जायला नको. आपल्या गावाजवळून जाणाऱ्या डांबरी रस्त्यापर्यंत गेले तरी पुरे.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असा केंद्र सरकारचा आकडा आहे. अपघातानंतरचा पहिला तास फार मोलाचा असतो. त्या तासात उपचार मिळाले तर यांतली कितीतरी माणसे वाचू शकतात, हे डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. पण रस्त्यावर काय घडते? मोटारसायकल घसरते, माणूस रक्तात पडतो, भोवती माणसे जमतात आणि एकमेकांना सांगतात, "अहो, हात लावू नका. पोलीस केस होईल. उद्या कोर्टात खेटे घालावे लागतील." हल्ली त्यात आणखी एकाची भर पडली आहे, ती म्हणजे खिशातून मोबाईल काढून चित्रण करणाऱ्याची. याजक आणि लेवी निदान नुसते निघून गेले होते!

ही भीती अगदीच खोटी नव्हती. मदत करणाऱ्यालाच चौकशीसाठी बसवून ठेवणे, दवाखान्यात त्याच्याकडूनच पैसे मागणे, हे प्रकार घडत असत. म्हणून कायद्याने एकेक पाऊल टाकले. जखमी माणूस दाखल झाला की पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात स्पष्ट केले. मदत करणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून केंद्र सरकारने २०१५ मध्ये काढलेल्या सूचनांना त्याच न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये बंधनकारक ठरवले. पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने, कसल्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जखमीला मदत करणाऱ्यावर, त्या मदतीत काही कमीजास्त झाले तरी दिवाणी किंवा फौजदारी दावा चालत नाही, असे हे कलम सांगते. २०२० च्या नियमांप्रमाणे अशा माणसावर स्वतःचे नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि साक्षीदार व्हायचे की नाही हे त्याच्या इच्छेवर आहे. त्याचे हे हक्क रुग्णालयाच्या दर्शनी भागी स्थानिक भाषेतही लावले पाहिजेत, असा नियम आहे.

आता मघाशी सांगेन म्हटले होते ते. या कलमाच्या इंग्रजी मजकुरात मदत करणाऱ्या माणसाला नाव काय दिले आहे? 'गुड समॅरिटन', म्हणजे चांगला शोमरोनी! ज्या माणसाचे नाव घ्यायला शास्त्री कचरला, त्याचेच नाव दोन हजार वर्षांनी भारताच्या कायद्यात सन्मानाने लिहिले गेले.

पण कायदा भीती काढून टाकतो. थांबायचे की नाही, ते आपणच ठरवायचे. थांबल्यावर काय करावे, तेही नीट ठाऊक असले पाहिजे. १०८ क्रमांकाला फोन लावावा. २०१४ पासून आपल्या राज्यात ही रुग्णवाहिका विनामूल्य येते. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. मानेला किंवा पाठीला मार दिसला तर, आग किंवा रहदारीचा धोका नसेल तोवर, ओढाताण करून उचलू नये. मागून येणारी वाहने आवरायला एकाला उभे करावे. शोमरोन्याच्या तेला-द्राक्षारसाची जागा आज या चार गोष्टींनी घेतली आहे.

वर आंबेनळी घाटाचे नाव घेतले. २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात एक बस खोल दरीत कोसळली आणि तीसजण गेले. भर पावसात महाबळेश्वर-पोलादपूर भागातले गिर्यारोहक तरुण दोर बांधून त्या दरीत उतरले आणि त्यांनी मृतदेह वर आणले. मेलेल्यांशी त्यांचे नाते काय होते? काही नाही. दोर धरला तेव्हा जे झाले तेच नाते.

आणखी एक गोष्ट. या कथेतला मदत करणारा माणूस काही साधू नाही. त्याने घरदार सोडले नाही, धंदा मोडला नाही. एक रात्र, दोन दिवसांची मजुरी आणि परत येण्याचा शब्द, एवढे त्याने दिले; आणि पुढचे काम धर्मशाळेवर सोपवून तो आपल्या वाटेला लागला. संसारी माणसाला झेपेल असेच हे आहे. परोपकार म्हणजे सर्वस्वाचा होम, असे समजून आपण पुष्कळदा काहीच करत नाही. आणि धर्मशाळेचे काम विसरू नका. एकट्याच्या दयेला कुठेतरी छप्पर लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना त्यांनी शेकड्यांनी आणले. पण नुसते आणून भागले नसते. दौंडजवळ केडगावला 'मुक्ती' उभी राहिली, तिथे राहणे, शिकणे, हाताला काम, सगळ्याची सोय झाली. आपल्या गावचे आरोग्य उपकेंद्र, शाळा, पतसंस्था या आजच्या धर्मशाळाच आहेत. त्या नीट चालतात की नाही याकडे लक्ष देणे, ग्रामसभेत उठून विचारणे, हाही शेजारधर्मच.

कोणी म्हणेल, जखमींना उचलत बसण्यापेक्षा लुटारूंचा बंदोबस्त का करू नये? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतील निग्रो लोकांच्या हक्कांसाठी झगडलेले मार्टिन ल्यूथर किंग यांनी तो १९६७ साली न्यूयॉर्कमधील भाषणात घेतला होता. वाटेतल्या एकाला मदत करणे ही सुरुवात झाली. पुढे तो यरीहोचा रस्ताच असा बदलला पाहिजे की त्यावर कोणी लुटला जाणार नाही, असा त्यांचा आशय होता. पुढच्याच वर्षी मेम्फिस शहरात कचरा उचलणारे दोन कामगार पावसात आडोसा शोधताना कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. तेराशे कामगारांनी संप पुकारला. किंग त्यांच्या पाठीशी उभे राहायला गेले आणि ३ एप्रिल १९६८ च्या रात्री त्यांनी तिथे हीच गोष्ट सांगितली. याजकाने मनात म्हटले असेल, मी थांबलो तर माझे काय होईल? शोमरोन्याने प्रश्न उलटा केला, की मी थांबलो नाही तर याचे काय होईल? कामगारांविषयी हाच प्रश्न आपण स्वतःला विचारावा, असे किंग यांचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना गोळी घातली गेली. थांबण्याची किंमत कधीकधी अशीही असते. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे तोच प्रश्न दरवर्षी दिवाळीच्या सुमारास गावाच्या शिवेवर येऊन उतरतो. बीड, अहिल्यानगर अशा भागांतून ऊसतोड मजूर कोल्हापूर-सांगलीकडे येतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव! पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत ती राहतात, पहाटे थंडीत फडात जातात. त्यांना कोणी लुटारूंनी वाटेत मारलेले नसते, पण आपण त्यांच्याही बाजूने निघूनच जातो. पिण्याचे पाणी कुठून आणतात? पोरे चार-पाच महिने कोणत्या शाळेत जातात? कोपीत एखादी बाई अवघडलेली असेल तर तिची नोंद आशाताईंकडे आहे का? कूपनलिकेवर एक हंडा भरू देणे, पोराला वर्गात बसवून घेणे, आशाताईंना निरोप देणे, या दोन दीनारांच्याच गोष्टी आहेत. हंगाम संपला की ती माणसे जातील. शोमरोनीही दुसऱ्या दिवशी गेलाच होता.

आणि शेवटी गोष्टीतली सर्वांत अवघड जागा. मदत करणारा कोण होता? ज्याला हलका मानत होते तो. जखमी माणसाने त्याच्या हाताचे पाणी घेतले असणार. शुद्ध हरपलेली असताना विटाळ कोण पाहतो? दवाखान्यात रक्ताची बाटली लावतात तेव्हा ते कोणाचे, असे आपणही विचारत नाही. पण बरा होऊन घरी गेल्यावर तो माणूस काय करील? त्या शोमरोन्याला घरी बोलावून आपल्या पंगतीत बसवील? त्याच्या वस्तीवर जाऊन जेवील? की उपकार रस्त्यावरच ठेवून पुन्हा जुना बांध घालील? येशूने हे सांगितलेले नाही. ते आपल्याकडून पुरे होण्यासाठी ठेवले आहे. ज्या गावात अजूनही एखाद्या वस्तीची स्मशानभूमी वेगळी आहे, त्या गावाने हा प्रश्न आपल्याच चावडीवर बसून सोडवायचा आहे.

शिक्षकांना एक सूचना करून थांबतो. ही गोष्ट वर्गात सांगताना तात्पर्य आधी सांगू नका. धर्मशाळेपर्यंत गोष्ट आणा आणि मुलांना तीन प्रश्न विचारा. पहिले दोघे का थांबले नसतील? आपल्या गावात शोमरोनी कोणाला म्हणता येईल? आणि बरा झाल्यावर जखमी माणूस काय करील? दुसऱ्या प्रश्नाला वर्गात थोडी शांतता पसरेल. पसरू द्या, घाई करू नका. मग मुलांकडून १०८ हा आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहवून घ्या, आणि त्याच्याखाली मदत करणाऱ्याचे हक्क सोप्या मराठीत उतरवा. शाळा रस्त्याच्या कडेला असेल, तर भिंतीची बाहेरची बाजू निवडा.